बस्त्यावमामा आणि माझा फुटलेला बांध

बस्त्यावमामाने मला पहिल्या भेटीतच 'तू' म्हटलं, आणि ते मला चांगलंच झोंबलं.

तेव्हा मी नुकताच सरकारी नोकरीत लागलो होतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. शेतकी कॉलेजची पदवी खिशात होती, आणि सोलापूरकडे सहा महिने राहून बांधबंदिस्तीचं शिक्षण घेतलं होतं. वाहून जाणारं पावसाचं पाणी कसं अडवायचं आणि त्याबरोबर जाणारी माती कशी थोपवायची, हे महाराष्ट्रात आपल्याइतकं फार थोड्यांना कळतं, असं मला मनापासून वाटत असे. खात्याने मला बोरीवलीचं ऑफिस दिलं आणि खाडीपलीकडचं गोराईचं टेकाड दिलं. मी अंधेरीला मावशीकडे राहायचो. पहिल्या दिवशी निघताना मावशीने माझ्या हातावर दही ठेवलं, ते मी एखाद्या मोहिमेवर निघाल्यासारखं खाल्लं.

बोरीवलीहून टांग्याने खाडीपर्यंत आणि तिथून होडीने पलीकडे. ओहोटी होती. होडी काठाला लागेना, म्हणून नाखवा म्हणाला, इथेच उतरा. पेटीतली डंपी लेव्हल, म्हणजे चढउतार मोजायची दुर्बीण, मी डोक्यावर घेतली, पँट न दुमडता पाय खाली टाकला, आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतून उभा राहिलो. पुढेही जाता येईना आणि मागेही. काठावर एक उंच, काळासावळा, सडपातळ म्हातारा कमरेला रुमाल गुंडाळून उभा होता. कानामागे विडी. तो शांतपणे पाण्यात आला, माझ्या डोक्यावरची पेटी काढून घेतली आणि म्हणाला, "तू बांध घालनार? आधी पाय काढ."

तोच बस्त्यावमामा. पाखाडीत, म्हणजे त्या ख्रिस्ती वस्तीत, लहानथोर सगळे त्याला मामाच म्हणत. बायको वारली होती. घरी एक मुलगी होती, इस्तेल. टेकाडाच्या पायथ्याशी त्याचं थोडं भात आणि वर उतारावर नाचणीचे लहान लहान तुकडे होते.

टेकाडाची कथा थोडक्यात अशी. पावसाळ्याचे चार महिने त्याच्यावर धो धो पाऊस पडे आणि तासाभरात एका अंगाने समुद्रात, दुसऱ्या अंगाने खाडीत निघून जाई. जाताना माती नेई. दिवाळीनंतर टेकाड तांबडंबोडकं, मुरूम उघडा पडलेला. पायथ्याला पाखाडीची एकच विहीर. ईस्टरच्या सुमाराला तिचं पाणी मचूळ होऊ लागे आणि मे महिन्यात तर खारटच. मग बायका हंडे घेऊन टेकाड ओलांडून दुसऱ्या गावच्या विहिरीवर जात. तिथे त्यांना पाणी मिळे, पण बोलणीही मिळत. सरकारने ठरवलं होतं की टेकाडावर बांध घालावा, पाणी वरच मुरवावं, म्हणजे माती राहील आणि विहिरीचा गोडवाही टिकेल. सरकारने हे ठरवलं आणि मला पाठवलं.

मी एप्रिलच्या उन्हात लेव्हल लावून आठ दिवसांत रेषा आखली. सोलापूरला शिकलो होतो तसाच एक लांबलचक, देखणा मातीचा बांध, उताराला आडवा, दोन्ही टोकं वर वळवलेली, पाण्याला बाहेर जायला फक्त एक छोटीशी वाट. मामा रोज यायचा, लांब बसून विडी ओढायचा. मधूनच उठून जमिनीवर पालथा पडायचा आणि गाल मातीला लावून एका डोळ्याने उतार बघायचा. मी लेव्हलच्या दुर्बिणीतून बघत असलो की तो असाच जमिनीला गाल लावून माझ्याच दिशेने बघत असायचा. मला मोठी मौज वाटायची. संध्याकाळी मावशीला मी त्याची नक्कल करून दाखवायचो.

त्याच्याकडे एक पितळेचं ताट होतं. त्यात बोटभर पाणी घालून तो ते जमिनीवर ठेवी आणि पाणी कुठल्या कडेला चढतं ते पाही. त्याच्या स्वतःच्या तुकड्यांना त्याने दगडाचे बुटके गडगे घातले होते, ते सगळे या ताटावर. दरवर्षी पाऊस संपला की तो खाली उतरून आलेली माती टोपलीत भरी आणि परत वर नेऊन टाकी. एकदा मी विचारलं, हे किती वर्षं करणार? तो म्हणाला, माती वरची आहे, खाली चुकून आली.

माझी रेषा पुरी झाली त्या दिवशी तो जवळ आला. बांधाच्या बरोबर मध्यावर पाय रोवून उभा राहिला आणि म्हणाला की इथून पाणी जातं. मला तिथे वाळलेल्या गवताशिवाय काही दिसत नव्हतं. मी त्याला समजावलं की लेव्हलप्रमाणे इथे खोलगट काही नाही, आणि बांध पाणी अडवायलाच असतो. त्याने विचारलं, "या टेकाडावर पाऊस पडतांना तू कवां बगिलास?"

मी म्हटलं, बघायची गरज नसते, पावसाचे आकडे आमच्याकडे असतात. त्याने पायाने वाळलेलं गवत बाजूला सारलं. मग म्हणाला, आकडे कुठून वाहतात ते पण लिहिलेलं असतं का? मजूर हसले. मी त्यांना कामाला लावलं आणि बांध त्याच रेषेवर घातला.

आज सांगायला लाज वाटते, पण सोलापूरला वर्षभरात पडतो तेवढा पाऊस गोराईला एका आठवड्यातही पडू शकतो, हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. तिकडे थेंब थेंब अडवायचा असतो. इथे थोडं अडवून बाकीच्याला मानाने वाट करून द्यायची असते. हे वाक्य मी पुढे अनेक सभांतून माझं म्हणून सांगितलं आणि टाळ्याही घेतल्या. ते मामाचं आहे.

जुलैत तीन दिवस पावसाने खळ घेतली नाही. होड्या बंद. मी अंधेरीला खिडकीत बसून कांदाभजी खात होतो आणि माझ्या बांधामागे केवढं पाणी साठलं असेल या कल्पनेने खूश होतो. चौथ्या दिवशी होडी सुरू झाली तसा गेलो.

बांध मध्यावर फुटला होता. बैलगाडी आरपार जाईल एवढं भगदाड. मामाने पाय रोवला होता तीच जागा. साठलेलं पाणी एकदम सुटून खाली रेजिनबायच्या शेतात गेलं होतं. रेजिनबाय म्हणजे पाखाडीतली एकटी राहणारी विधवा बाई, तिचं तेवढं एकच शेत. भाताची लावणी होऊन चार दिवस झाले होते. आता तिथे भात दिसत नव्हतं. मुरूम, दगड आणि माझ्या बांधाची तांबडी माती दिसत होती. रेजिनबाय शेताच्या कडेला बसली होती. रडत नव्हती. मला बघून तिने डोक्यावरचा पदर नीट केला, साहेब आला म्हणून. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मामा शेतात वाकून दगड वेचत होता. मला वाटलं, आता हा बोलणार. काय उत्तर द्यायचं ते मी मनात जुळवू लागलो. त्याने मान वर केली, जवळची रिकामी टोपली माझ्याकडे सरकवली आणि पुन्हा वाकला.

दोन दिवस आम्ही ते शेत उपसलं. पाखाडीतली माणसं आली. ज्याच्या त्याच्या रोपांतून मूठ-दोन मूठ रोपं रेजिनबायला मिळाली. मामाने तर भाताच्या एका तुकड्यातली आपली लावणी उपटून आणली आणि इस्तेलला म्हणाला की औंदा आपण भाकरी जास्त खाऊ. माझ्या हाताला पहिल्या तासात फोड आले. भरलेली टोपली घेऊन मी दोनदा पडलो, दुसऱ्यांदा नीट लावलेल्या रोपांवर. मग बायकांनी मला दगड बाजूला रचायचं काम दिलं, तेही त्यांच्या नजरेखाली.

ऑफिसला अहवाल द्यायचा होता. माझी नोकरी अजून कच्ची होती. पक्की होणं न होणं वरिष्ठांच्या एका सहीवर होतं आणि गावी आई त्या सहीची वाट बघत होती. मी मामाच्या ओट्यावर बसून अहवाल लिहिला. भाषा माझी चांगली होती. 'अभूतपूर्व पर्जन्यवृष्टी', 'अनपेक्षित भार', 'अपरिहार्य हानी', असं सगळं त्यात आलं. मामा शेजारी जाळं दुरुस्त करत होता. म्हणाला, वाचून दाखव. मी वाचलं, अवघड शब्दांचा अर्थही सांगितला. त्याने लक्ष देऊन ऐकलं. सुईतला दोरा ओढून गाठ मारली. मग म्हणाला, "यात रेजिनचं शेत नाय. तुझं नाव नाय. पाऊस एकटाच हाय."

मी अहवाल घडी करून खिशात ठेवला आणि होडीत बसलो. खाडी ओलांडेपर्यंत मी स्वतःला पटवत होतो की या म्हाताऱ्याला सरकारी कामकाजातलं काय कळतं. टांग्यातही पटवत होतो. बोरीवलीला ऑफिसात पोचलो, तोवर पटवायचं सामान संपलं होतं. दुसरा कागद घेतला आणि लिहिलं की रेषा मी चुकीची आखली, जास्तीच्या पाण्याला पुरेसा सांडवा ठेवला नाही, स्थानिक शेतकऱ्याने आधी सांगितलं होतं ते ऐकलं नाही, आणि एका बाईचं शेत गेलं. हे धैर्याने केलं असं कोणी समजू नये. लिहिताना शाईचा मोठा डाग पडला. पुन्हा नीट लिहायला घेतलं तर आपण बदलू, या भीतीने तो डागासकट दिला.

आमच्या साहेबांनी तो वाचला आणि चष्मा काढून विचारलं की हे लिहायला कोणी सांगितलं होतं. नोकरी पक्की व्हायला एक वर्ष जास्त लागलं. पण त्यांनी रेजिनबायच्या शेतासाठी वर लिहिलं आणि टेकाडाचं काम माझ्याकडून काढून घेतलं नाही. म्हणाले, तूच बिघडवलंस, तूच नीट कर.

मी मामाकडे गेलो आणि म्हटलं, शिकव. आयुष्यात मी मोठ्या नम्रतेने उच्चारलेला हा बहुधा पहिला शब्द. तो म्हणाला, पाऊस येऊ दे.

पाऊस आला की लोक घरात जातात, मामा बाहेर जायचा. डोक्यावर इरलं, हातात चिंध्या बांधलेल्या बांबूच्या काठ्या. पाणी जिथून वाहत असेल तिथे एक काठी रोवायची, जिथे दोन ओघळ मिळतील तिथे दोन, जिथे पाणी तांबडं दिसेल, म्हणजे माती घेऊन चाललं असेल, तिथे गाठ मारलेली चिंधी. रविवारी मिस्सा चालू असताना चर्चच्या कौलांवर सर वाजली की तो उठून निघून जाई. जुन्या फादरनी त्याला पुष्कळ रागावून पाहिलं होतं. शेवटी त्यांनी त्याची जागा दाराजवळ ठरवून दिली, म्हणजे जाताना बाकीच्यांचे गुडघे तुडवले जाणार नाहीत.

मी त्याच्यामागे छत्री घेऊन निघालो. पहिल्याच वाऱ्यात छत्री उलटी झाली. मामाने ती घेतली, नीट पाहिली आणि जिथे पाणी सगळ्यात जोरात होतं तिथे खुणेची काठी म्हणून रोवली. त्या दिवशी दोन तासांत मी जे पाहिलं ते सहा महिन्यांच्या शिक्षणात पाहिलं नव्हतं. एप्रिलमध्ये मला मुकं वाटलेलं टेकाड अंगभर वाहत होतं. माझ्या बांधाच्या भगदाडातून वरचे चार ओघळ एकत्र होऊन असे जात होते, जसे वर्षानुवर्षं तिथूनच जातात. आणि मी नेमका त्यांच्या दारात भिंत घालून उभा राहिलो होतो.

परत येताना त्याने मला आपले पडलेले गडगे दाखवले. पाच-सहा तरी होते. एक तरुणपणी घातलेला, एक लग्नाच्या वर्षाचा. त्याने ते मुद्दाम उचलले नव्हते. कुठला कशामुळे पडला ते तो सांगत गेला, तोंडावर लाज नाही की अभिमान नाही. मी विचारलं, माझ्या बांधाचं काय करायचं? म्हणाला, एक टोक तसंच ठेव, बघायला बरं.

पावसाळा संपल्यावर काम सुरू झालं. एका मोठ्या बांधाऐवजी उतारभर बुटके दगडी गडगे, मध्ये उथळ चर, गडग्यांच्या वर वाळ्याच्या जुड्या लावलेल्या, आणि जास्तीचं पाणी काढून द्यायला उघड्या कातळावर दगड रचून केलेला रुंद सांडवा. काठ्यांच्या खुणा मामाच्या, लेव्हल माझी. एका ठिकाणी लेव्हलने सांगितलं की मामाची ओळ वीतभर खाली आहे. मी ते सांगायला दोन दिवस घाबरत होतो. तिसऱ्या दिवशी सांगितलं. त्याने ताट आणलं, पाणी घातलं, पालथा पडून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग रचलेले दगड एकेक करून उचलले आणि वीतभर वर लावले. शेवटी कानामागची विडी काढत म्हणाला, "दुर्बीण चांगली हाय तुझी. तुलाच वापरता येत नव्हती."

मला इतका आनंद झाला की घरी जाऊन मावशीला हे वाक्य चार वेळा सांगितलं. तिला ते कौतुक आहे हे काही केल्या कळेना.

पुढे एक दिवस आमचे साहेब आणि त्यांच्याही वरचे साहेब पाहणीला आले. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी. एकही गडगा हलला नव्हता. चरांत खालपासून वरपर्यंत गाळ बसला होता आणि त्यात नाचणी उभी होती. वरच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही, नुसता संकोचल्यासारखा हसलो. ते हसणं मला अजून आठवतं आणि आठवलं की मान खाली जाते. साहेबांनी मामाला विचारलं, काम कोणी केलं? मामा म्हणाला, या सायबानं. पयला फोडला, मंग बांधला. वरचे साहेब मोठ्याने हसले, त्यांना तो विनोद वाटला. आमच्या साहेबांना सगळं माहीत होतं, ते खाडीकडे बघत राहिले.

मामाचं माझ्यावर प्रेम होतं का, ते मला सांगता येत नाही. त्याने मला कधी जेवायला बस म्हटलं नाही. जेवायच्या वेळी मी तिथे असलो तर इस्तेल तिसरं ताट आणून ठेवी आणि तो ते बघून न बघितल्यासारखं करी. माझी नोकरी पक्की झाल्याचं सांगायला मी पेढे घेऊन गेलो तेव्हा त्याने एक खाल्ला, उरलेले रेजिनबायकडे पाठवले आणि मला विचारलं की तिसऱ्या चरातला गाळ पाहिलास का.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदलीची ऑर्डर आली. धुळ्याकडे जायचं होतं. त्याच आठवड्यात इस्तेलचं लग्न होतं. मे महिना, हवा तापलेली. गोराईच्या लग्नात आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणायची रीत आहे, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. आजवर मे महिन्यातलं लग्न असलं की पाखाडीच्या बायकांना बँड घेऊन टेकाड ओलांडावं लागे, दुसऱ्यांच्या विहिरीवर थांबावं लागे. खारट पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं कसं?

मी संध्याकाळी पोचलो, तेव्हा बँड टेकाडाच्या वाटेला वळला नव्हता. पाखाडीच्याच विहिरीभोवती लुगड्यांची गर्दी होती. रेजिनबायने दोर सोडला, पहिली कळशी वर आली. ती इस्तेलच्या करवलीच्या डोक्यावर द्यायची, मग मिरवणूक निघणार. मामा कुणाचा तरी मागून आणलेला काळा कोट घालून मागे उभा होता. बाह्या आखूड, मनगटं बाहेर. तो बायकांच्या घोळक्यातून सरळ पुढे गेला, कळशीत ओंजळ बुडवली आणि पाणी प्यायला. बायका एकदम ओरडल्या, मानाचं पाणी उष्टं केलं म्हणून. रेजिनबायने त्याच्या हातावर चापट मारली, कळशी ओतून टाकली आणि दोर पुन्हा खाली सोडला.

मामाने कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. घोळक्यापलीकडे मी दिसलो तेव्हा त्याने बोटाने मला जवळ बोलावलं. मी गेलो. त्याच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि डोळे भरले होते. तो माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "गोड हाय रे."

बँड वाजायला लागला. बायका कळशा घेऊन निघाल्या, आणि मामा त्यांच्या मागून, आखूड कोटात, हात वर करून नाचत गेला. मी विहिरीच्या काठावर उभा राहिलो, आणि पाखाडीच्या वळणावर तो दिसेनासा झाला.